म्योलर आणि मोलर

सोम., ४ मार्च. एश्बॉर्न, जर्मनी
आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या वृद्धाश्रमांची परत तीच तक्रार. नर्स घाईत साधा o टाइप करते, नाव ठिपकेवाल्या ö ने असतं, सर्च कोरा. बॉसला, थॉमसला, गुरुवारच्या रिलीजमध्ये हवंय म्हणजे हवंयच. काम सरांना दिलं. पुण्यात ज्यांनी मला डेटाबेस शिकवला, ते आता माझ्याच टीममध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, प्रोबेत्साइटवर, म्हणजे उमेदवारीवर. मीच आणलं. अजून माझ्या तोंडून ‘सर’ जातं. थॉमसला गंमत वाटते. मला नाही.

बुध., ६ मार्च
सरांची या कामाच्या तिकिटावर लांबलचक कॉमेंट. नावाच्या कॉलमचं कोलेशन, म्हणजे अक्षरं जुळवायचा नियम, बदललं तर o आणि ö एकच अक्षर धरलं जाईल, नुसतं सर्चमध्ये नाही, सगळीकडे. फार्मसीच्या औषधयाद्यांचा इम्पोर्ट नावावरून माणूस शोधतो, तिथे घोळ होईल. सर्चसाठी वेगळा कॉलम करू, चार दिवस द्या.
चार दिवस! फोन केला.
"सर, आपण इथे क्लास घेत नाही. कॉलम बदला."
"मेधा, निदान इम्पोर्ट तपासू दे."
"उद्या रिलीज आहे."
म्हणाले, "बरं. तू म्हणतेस तर."
बरं वाटलं मला. खरं तेच लिहिते.

शुक्र., ८ मार्च
सर्च चालतोय. थॉमसचं ‘सुपर!’ आलं. मला एकटीला.

मंगळ., १९ मार्च
एकाच आश्रमात, एकाच मजल्यावर दोघी. आना म्योलर, आना मोलर. एकीचा ö, दुसरीचा o. म्योलरबाईंची रक्त पातळ करायची गोळी इम्पोर्टने मोलरबाईंच्या यादीत टाकली. नऊ दिवस घेतली त्यांनी. काल मेंदूत रक्तस्राव. आयसीयूत आहेत. वय ८१.
बदल केल्याची नोंद सरांच्या नावाने. माझ्या फोनची नोंद कुठेच नाही. उरली ती कॉमेंट.
अ‍ॅडमिन मी आहे, तिकिटावरचं काहीही पुसता येतं. दोन क्लिक लागले.

बुध., २० मार्च
मीटिंग. थॉमसने विचारलं, "हा धोका आधी कुणी सांगितला होता का?"
मी म्हणाले, "लेखी काही नाही."
सरांनी तिकीट उघडलं. वर गेले, खाली आले, परत वर. मग चष्मा काढून शर्टाला पुसला. माझ्याकडे बघितलंही नाही.
थॉमस: "बदल तुम्हीच केलात?"
"हो," सर म्हणाले. एवढंच.

शुक्र., २२ मार्च
सरांना क्युंडिगुंग, नोकरीवरून काढल्याची नोटीस. दोन आठवडे. व्हिसा याच नोकरीवर.
संध्याकाळी काकूंचा फोन. "मेधा, हे घरात बोलतच नाहीत गं. काय झालं ते तुला माहीत असेल ना? तू तिथे आहेस म्हणून धीर आहे बघ."
"बघते, काकू."
मग भाजी फोडणीला टाकली. मीठ विसरले नाही.

बुध., ३ एप्रिल
मोलरबाई वाचल्या. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मुलगी ऑफिसात आली होती. थॉमसने सांगितलं, संबंधित माणसाला काढलंय.
तिने विचारलं, "पण त्याला कळलं नसेल का असं होईल ते?"
मीच उत्तर दिलं. "हलगर्जीपणा." शब्द शोधावासुद्धा लागला नाही.

शुक्र., ५ एप्रिल
सरांचा शेवटचा दिवस. त्यांच्या त्सॉइग्निसचा मसुदा टीमलीडने द्यायचा, म्हणजे मी. नोकरीच्या या प्रमाणपत्रात वाईट कुणी उघड लिहीत नाही. ‘कायम प्रयत्नशील होते’ असं लिहिलं की पुढचा मालक ओळखतो, माणूस निकामी. मग सरांना इथे कुणी दारात उभं करणार नाही. आणि खरं लिहिलं, की इतका काळजीपूर्वक काम करणारा माणूस मी पाहिला नाही, तर थॉमस विचारणार, मग चूक कशी झाली?
निघताना सर टेबलाशी आले. "त्सॉइग्निस तू लिहिणार म्हणे. बरं झालं. इथे मला ओळखणारी तूच."
टोमणा होता का? चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यांनी बॅग उचलली आणि गेले.
दोन्ही मसुदे समोर उघडे आहेत. थॉमसला पाचपर्यंत हवाय. पाचला वीस कमी.