अक्काचा ट्रॅक

गुरुवार, संध्याकाळ, चोपडा

नाना चिडून गेले. जाऊ देत. आमच्या भजनी मंडळाचे ते प्रमुख, आणि आजच्या रेकॉर्डिंगला आमच्यात गाणारी अक्का नको हा त्यांचा हट्ट. "तिना आवाज बठ्ठं बिघाडस," तिचा आवाज सगळं बिघडवतो, असं तिच्या तोंडावर म्हणाले. बिचारी उठायला लागली. मी हात धरून बसवलं.

सगळ्यांना वेगवेगळे माईक दिले, डिजिटल मिक्सर यूएसबीने लॅपटॉपला जोडला. लॅपटॉप दोनच ट्रॅक दाखवत होता, म्हणजे सगळे आवाज एकत्र कालवलेले. "इतलं पुरे शे," नाना म्हणाले. दोनच? का म्हणून पुरे? मी लॅपटॉपवर मिक्सरचा ड्रायव्हर टाकला, सेटिंग बदललं, आणि प्रत्येक माईकचा ट्रॅक वेगळा झाला.

भजन संपल्यावर एकेक आवाज सुटा ऐकवला. अक्का सुरात. अगदी सुरात! घसरत होते ते नाना. अक्का पदर तोंडाशी धरून म्हणाली, "हाऊ मनाच आवाज शे का?"

"तुझाच, अक्का."

चारचौघांत ऐकवलं, हा उद्धटपणा झाला का? झाला असेल. नाना जाताना म्हणाले, अक्काचा ट्रॅक पुसून टाक. नाही पुसणार. मंडळ सोडावं लागलं तरी चालेल.