पदराखालचा हात

३ जाने., शनि. घोडेगाव.
आईची वाचा गेली ती गेलीच. डॉ. म्हणतात, दुसरा झटका आला तर सांगता येत नाही. उजवा हात तेवढा चालतो. आज तिनं माझा हात पदराखाली ओढला. आमचे वडील, अण्णा, गुरांच्या बाजारात दलाल, रुमालाखाली बोटं दाबून सौदे करायचे. त्यावरून आमचा घरचा खेळ: एक बोट हो, दोन नाही. आई विसरलेली नाही.
"अक्काला बोलावू?" एक बोट.
"खरं सांगू तिला?" दोन. नख रुतलं.

५ जाने.
श्रीगोंद्याला फोन. चोवीस वर्षांत मी अक्काला केलेला पहिला.
"मेली का म्हातारी?"
"नाही गं."
"मग? जिनं मला स्टँडवरून धरून आणवलं, तिच्या उशाला बसू व्हय?"
आईनं नाही, मी सांगितलं होतं अण्णांना. अक्का कुठल्या बसनं, कोणाबरोबर पळून जातेय, सगळं. आठ दिवसांत तिचं लग्न भलत्याशीच उरकलं. अक्कानं आईवर आळ घेतला, आईनं तो तसाच राहू दिला. मला म्हणाली, "तू गप ऱ्हा. मी काय, आज हाय उद्या न्हाई."
फोनवर सांगायला हवं होतं. नुसतं "ये" म्हणाले. आईचा शब्द पाळला म्हणून? नाही. भ्याले.

६ जाने.
का सांगितलं तेव्हा? इतकी वर्षं स्वतःला सांगत आले: काळजीपोटी. खोटं. तिनं मला काहीच सांगितलं नव्हतं, पिशवीतल्या चिठ्ठीवरून कळलं, आणि त्याच पिशवीत तिनं माझा नवा स्वेटर भरला होता. एकोणीस वर्षांची होते मी. राग स्वेटरचा होता. हे पहिल्यांदाच लिहितेय.

९ जाने.
अक्का आली. केस पांढरे. शेजारच्या काकू दारातच, "वाट चुकलीस व्हय गं?"
"वाट न्हाई काकू. बस चुकली हुती. तवाची आत्ता आले."
आईनं तिचा हात पदराखाली घेतला. मी चहा घेऊन दारात.
"तूच सांगितलंस ना अण्णांना?" अक्कानं आईला विचारलं.
पदर हलला. एक बोट की दोन, मला दिसलं नाही. झाकल्या हातातलं तिसऱ्याला कळत नाही, म्हणून तर तो रुमाल.
अक्का कितीतरी वेळ पदराकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.
"निवला असंल. दे."
प्याली. अण्णांच्या दहाव्याला पाणीसुद्धा घेतलं नव्हतं तिनं.

१० जाने., सकाळ
अक्का राहिली. आईला न्हाऊ घालायचं म्हणून चुलीवर पाणी ठेवलं. मी विस्तवाशी.
"सुमे, गारठा लई हाय. स्वेटर हाय का एखादा?"
अंगातला काढून दिला. तिनं एक बाही चढवली, दुसरीतून हात बाहेर आलाच नाही. आतूनच माझी बोटं धरली.
"बोल."
तेवढ्यात काकूंची हाक. हात सुटला.
आता ती आईचे केस विंचरतेय. आई माझ्याकडे बघतेय, हात पदरात. मला तिची दोन बोटं इथूनसुद्धा जाणवतात.
पाणी उकळलंय. वही ठेवते. जाते.