पानिपतहून परत आलेल्या भाऊसाहेबांची व्यवस्था

मी, संग्राम हणमंत थोरबोले, वय सत्तावीस, मूळचा तासगाव तालुक्यातला, सध्या मुक्काम गाझियाबाद, विनायककाकांच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, दोन चहा पिऊन आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबावाशिवाय हे तितकंसं खरं नाही. काल अलकनंदाकाकू म्हणाली, "बाइकवर स्पितीला जातोयस ना? बिल्कुल जा. पण आधी मृत्युपत्र करून जा. तुझा तो दगड आमच्या गळ्यात नको." म्हणून हा उद्योग. परवा सकाळी निघतो.

तो दगड म्हणजे माझं कासव, भाऊसाहेब. आफ्रिकन जातीचं, जमिनीवर राहणारं, रीतसर नोंदवलेलं. कागद लाल फोल्डरमध्ये आहेत. (आपलं ते चांदण्यांच्या नक्षीचं कासव पाळणं गुन्हा आहे. परीक्षित, तुला हे तीनदा सांगितलंय.) भाऊसाहेब नऊ वर्षांचे असतील. आणखी सत्तर वर्षं आरामात काढतील. माझी तशी खात्री कुणी देत नाही. प्रश्न फक्त त्यांचा आहे, म्हणून बाकीचं पटकन उरकतो.

कलम १. स्पर्धा परीक्षेची सगळी पुस्तकं माझा जुना रूममेट सुधन्वा याला. ती वाचू नयेत ही अट. त्याने पाच प्रयत्नांत वाचून काय झालं ते दिसतंच आहे. मी दुसऱ्याच प्रयत्नात उठून चालायला लागलो, तर हा मला 'पळपुटा' म्हणाला होता. अच्छा. पळपुट्याने निदान देश तरी पाहिला.

कलम २. तंबू, पान्यांचा संच आणि छोटी शेगडी, या घरात ज्याला घराबाहेर झोपायची हिंमत असेल त्याला. म्हणजे कुणालाच नाही. भंगारात द्या. बँकेत जे काही असेल ते भाऊसाहेबांच्या गवताला.

कलम ३. भाऊसाहेब माझे कसे झाले, ते कायद्यासाठी नमूद करतो. पानिपतला एका चादरींच्या गोदामात मी तीन आठवडे गठ्ठे बांधायला होतो. तिथे मालकाने हे कासव प्लास्टिकच्या टबात, नाकाइतक्या पाण्यात ठेवलं होतं. मी म्हणालो, "भाईसाब, ये ज़मीन वाला है, डूब जाएगा." तो म्हणाला, "कछुआ है, पानी में नहीं रहेगा तो क्या पलंग पे सोएगा?" शेवटच्या दिवशी त्यानेच ते माझ्या हवाली केलं, कागदांसकट, कारण ते आल्यापासून धंदा बसला होता. चादरीच्या पिशवीतून घरी आणलं. काका म्हणाले, "पानिपतहून भाऊ परत आला! तोतया नाही ना?" या घरात काकांनी केलेला हा एकमेव बरा विनोद. नाव तेच राहिलं.

कलम ४. भाऊसाहेब खालील माणसांना मिळू नयेत.

विनायककाका. हे केंद्र सरकारात अधिकारी आहेत आणि वास्तुशास्त्र मानतात. कासवाचं तोंड उत्तरेला असलं की पुण्याला बदली होते, असं यांना कुणीतरी सांगितलं. भाऊसाहेब वळले की काका उठून त्यांना पुन्हा उत्तरेला करायचे. दिवसातून वीस वेळा. जिवंत प्राणी आहे, होकायंत्र नाही. शेवटी बदलीचा आदेश आला तो गुवाहाटीचा. भाऊसाहेब तेव्हा किंचित ईशान्येला वळले असणार.

परीक्षित, काकांचा मुलगा. भर मे महिन्यात दुपारी एक वाजता याने त्यांना गच्चीच्या फरशीवर सोडलं, कारण रील करायची होती. चव्वेचाळीस अंश. वर स्ट्रॉबेरी आणि पनीर. "यार, खातोय ना तो!" म्हणे. तू पण काहीही खातोस, परीक्षित.

कलम ५. सांभाळण्याचे नियम. फ्रिजवर चिकटवावेत.

खाणं म्हणजे गवत, वाळलेलं गवत, जास्वंदीची पानं. फळं नाहीत, पोळी नाही, दूध-ब्रेड तर अजिबात नाही. समुद्रफेसाचा तुकडा, पक्ष्यांच्या दुकानात मिळतो तो, कायम समोर असावा. कवच त्यावर बनतं, कौतुकावर नाही. बागेतलं कुंपण फळ्यांचंच हवं. जाळीतून पलीकडचं दिसलं की ते दिवसभर डोकं घासत बसतात. पलीकडे जे दिसतं ते आपल्यासाठीच आहे असं त्यांना वाटतं. मलाही वाटतं, पण तो विषय वेगळा. उन्हाळ्यात सावली आणि ओला चिखल. आठवड्यातून दोनदा कोमट पाण्यात थोडा वेळ बसवावं, पण पाणी हनुवटीच्या वर जाता कामा नये. माकडं आणि कुत्री यांच्यावर लक्ष. दिवाळीनंतर घरात, उबेच्या दिव्याखाली, आणि दिवसा ती अतिनील (यूव्ही) किरणांची नळी. हे कासव थंडीत झोपत नाही, आजारी पडतं. आणि काचेआडून येणारं ऊन ऊन नव्हे. त्यातलं कामाचं जे असतं ते काच अडवते. हे वाक्य मी सगळ्यांना ऐकवलंय. पुढचं कलम या वाक्यामुळेच आहे.

कलम ६. अलकनंदाकाकू. हिने काय केलं नाही! गावच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, म्हणून ही भाऊसाहेबांच्या पाठीवर हळदकुंकू वाहायची, वर खोबरेल तेल चोळायची. आषाढीला साबुदाण्याची खिचडी घातली. "उपास आहे, त्याला पण पुण्य मिळू दे." मी म्हणालो, "काकू, तो आफ्रिकेचा आहे." ती म्हणाली, "मग काय झालं? दिल्लीत राहतोय, तू पण राहतोस."

आता खरं लिहितो, कारण मृत्युपत्रात खोटं चालत नाही म्हणतात. गेल्या जानेवारीत मी चार दिवसांसाठी कच्छला गेलो आणि एकोणीस दिवसांनी आलो. जाताना मीच त्यांना काच लावलेल्या बाल्कनीत ठेवलं. दिवा जोडायला विसरलो. बाहेर धुकं, ऊन नव्हतंच, आणि असतं तरी काचेआडून. सहाव्या दिवशी काकूने पाहिलं तेव्हा नाकातून बुडबुडे येत होते आणि तोंड उघडं होतं. मी फोन उचलत नव्हतो. हिने त्यांना स्वतःच्या शालीत गुंडाळलं आणि रिक्षाने यमुनेपलीकडे डॉ. मयुरा साठेंकडे नेलं. मग दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शनला तीच घेऊन जायची. डॉक्टरीणबाईंनी तेल बंद करायला सांगितलं, ते त्या दिवसापासून बंद. मी परत आलो तेव्हा एवढंच म्हणाली, "आलास? हात धुऊन घे, आणि त्याला हलवू नकोस."

सबब भाऊसाहेब, नळी, दिवा, लाल फोल्डर आणि त्यांच्यासंबंधीचे सर्व हक्क मी अलकनंदा विनायक थोरबोले यांना देत आहे. हळदकुंकू वर्षातून एकदा, कोरडं, लगेच पुसून. खिचडी कधीही नाही.

कलम ७. सुधन्वा म्हणतो, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं. म्हणून वेगळं लिहितो. मी धडधाकट परत आलो तरीही कलम सहा कायम. मी दारात उभा राहून "काकू, माझं कासव" म्हणालो तर देऊ नये. कितीही गोड बोललो तरी. हात धुवायला लावून बघू द्यावं, बस.

काकूला यातलं काहीच माहीत नाही. मिळणाऱ्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात, म्हणून तिला वाचायला दिलं नाही. आत्ता बागेत काय करते आहे, तेल तर नाही ना, ते बघून येतो आणि सही करतो.

बघून आलो. कोमट पाण्यात बसवलंय. हनुवटीपर्यंतच.

सही: संग्राम हणमंत थोरबोले

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली:
१. सुधन्वा गोविंद खरमाटे (साक्षीदाराला काही मिळत नाही, म्हणून पुस्तकं नकोत असं तोंडी कळवलं. घ्यावीच लागतील.)
२. डॉ. मयुरा साठे, पशुवैद्य

ठिकाण: गाझियाबाद
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५