भाकरीच्या गाडीला कांद्याचे पाटे

भवानी पेठ, सोलापूर
सोमवार

श्री. बाळासो भाऊजी यांस वहिनीचा आशीर्वाद.

तुम्ही आम्हाला दिलेल्या पिकअपच्या मागच्या उजव्या चाकावरच्या स्प्रिंगचा मुख्य पाटा मधोमध तुटला, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही प्रत्येक वाक्याला "व्हय वहिनी" म्हणता आणि शेवटी मी काय सांगत होते ते मलाच विचारता. कागदाला मध्ये बोलायची सवय नसते. जाऊबाईंचा गुडघा कसा आहे? तेल चोळून तो बरा होणार नाही, चालून होईल, हे मी दिवाळीत सांगितलं होतं. त्या चालायला लागल्या आहेत असं धरून पुढे लिहिते. माझी प्रकृती ठीक. म्हणजे दुखत कुठे नाही, फक्त दमले आहे.

आमच्या गटाच्या अकरा बायका कडक भाकरी करतात आणि राजेसाब ती तुमच्या जुन्या गाडीतून करमाळा-नातेपुत्यापर्यंतच्या दुकानांत पोचवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. कडक भाकरीचं असं असतं की अख्खी असली तर माल, मोडली तर चुरा, आणि चुऱ्याला गिऱ्हाईक नाही. (चुरा घरी आमटीत जातो. आमच्या घरी तीन महिने रोज आमटी आहे. तुमचे दादा आता ताटाकडे न बघताच जेवतात.) संक्रांतीनंतर दुकानांतून चुऱ्याची पाकिटं परत यायला लागली आणि मी चौकशी हाती घेतली. ज्वारी बदलून पाहिली, तव्याची आच पाहिली, फूटपट्टी घेऊन भाकऱ्यांची जाडी मोजली. बायका एकमेकींकडे बघून हसत होत्या, ते मला दिसत होतं. शेवटी माझं बोट काशम्मावर गेलं. ती वयाने सगळ्यांत मोठी, भाकरी सगळ्यांत पातळ तिची, आणि बाकीच्या दहाजणी तिच्याच हाताखाली शिकलेल्या. तेव्हा दोष वरून खाली आला असणार, असं मी शास्त्रशुद्ध अनुमान काढलं. सगळ्यांदेखत तिला म्हटलं, काशम्मा, तुझ्या हातातला जोर गेला आता.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि एवढंच म्हणाली, "बाई, चाळीस वर्सं थापतीया. हाताला नाव कुनी ठिवलं न्हवतं." दुसऱ्या दिवशी ती करमाळ्याला लेकीकडे निघून गेली. भाकरी थापायची तिची काठवट इथंच राहिली.

ती गेल्यावर चुरा थांबायला हवा होता. तो वाढला.

आता मागे जाऊन एक गोष्ट सांगावी लागेल. संक्रांतीच्या सुमारास मी आणखी एक सुधारणा केली होती. राजेसाब वाटेत भेटेल त्याला मागे बसवतो असं कानावर आलं, म्हणून मी एकदा स्वतः नाक्यावर जाऊन उभी राहिले. भाकरीच्या खोक्यांना टेकून एक आजोबा, त्यांच्या दोन सुना आणि चार शेळ्या अगदी सुखाने चालल्या होत्या. खाण्याच्या मालाशेजारी शेळ्या! मी त्याच दिवशी माणसं आणि जनावरं दोन्ही बंद केली. राजेसाब म्हणाला, "बाई, गाडीत वजन पायजे. रिकामी लई उडती." मी म्हटलं, वजन पाहिजे तर तू चार घास जास्त खा. तो हे सहा वेळा म्हणाला आणि मी सहाही वेळा त्याला आहारच सुचवला.

गेल्या शुक्रवारी गाडी एका कुशीवर कलून, लंगड्या म्हशीच्या चालीने परत आली. संगप्पा पाटेवाल्याकडे नेली. तो गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. मग खालूनच आवाज आला.

"बाई, ह्ये पाटे हायत का रेल्वेचे रूळ? दोन-दोन जादा बशिवलेत, ते बी ट्रकचे. कुनाचं काम?"

"आमच्या भाऊजींचं. ते कांदा भरायचे."

"आन तुमी काय भरता?"

"भाकरी."

त्याने पाना खाली ठेवला. बाहेर येऊन राजेसाबकडे पाहिलं. राजेसाबने आकाशाकडे पाहिलं. मग संगप्पाने मला, पहिलीतल्या पोराला समजवावं तसं, समजवलं की इतके टणक पाटे हलक्या मालाला दबतच नाहीत. खड्ड्याचा दणका जसाच्या तसा वर जातो. माणसं बसली की पाटे दबायचे आणि गाडी गप चालायची. दणके खाऊन खाऊन शेवटी पाटाच तुटला. थोडक्यात, शेळ्या होत्या तोवर भाकरी अख्खी पोचत होती. मी शेळ्या उतरवल्या आणि शिक्षा काशम्माला केली. (भाऊजी, मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले आहे. स्प्रिंगला वजनं टांगायचा प्रयोग वर्गात सगळ्यांत आधी माझा बरोबर आला होता. हे संगप्पाला सांगितलं नाही.)

आता जादा पाटे काढले, मुख्य पाटा दोन्ही बाजूंना नवा घातला. शनिवारी बार्शी रस्त्याला भाकरी घालून गाडी फिरवली. एकही मोडली नाही. तेव्हा काळजी नसावी. कळावे.

तुमची वहिनी,
सुकन्या

ता. क. गाडी देताना तुम्ही म्हणाला होता, "वहिनी, पाटे नातवंडांपातुर टिकतील." जादा पाट्यांपुरतं तुमचं खरं होतं. भाकरीबद्दल तुम्ही काही बोलला नव्हता.

ता. क. २. पाट्यांचं मी फोनवरही सांगितलं असतं. काशम्माची लेक करमाळ्यात तुमच्या मागच्याच गल्लीत राहते. तुम्ही स्वतः जा. जाऊबाईंना पाठवू नका, त्या रडतील. तुटलेला पाटा काशम्मापुढे ठेवा आणि सांगा, जोर ह्याचा गेला होता. तुमच्या मनाने बोलल्यासारखं सांगा. नको. मी म्हटलं म्हणून सांगा. आणि सगळ्यांदेखत सांगा, कारण मी सगळ्यांदेखत बोलले होते.

राजेसाबच्या हाती दिलं ते असं: तुमचे जादा पाटे, चार. तुटलेला मुख्य पाटा, तुकडे दोन. मी स्वतः थापलेल्या कडक भाकऱ्या काशम्मासाठी, सहा. (दोन इथेच मोडल्या आहेत. त्यात पाट्यांचा दोष नाही.) काशम्माची काठवट दिलेली नाही. ती घासून तिच्या जागेवर ठेवली आहे.