यकृतासुराचा वध आणि माझ्या सात पट्ट्या

डिचोली, १७ फेब्रुवारी २०२१

ती. सुलोचनामामीस,
सेजलचा नमस्कार. गुडघा कसा आहे? शेकायचं पाणी किती तापवतेस ते कळव. मागच्या वेळी तू "बरंच" म्हणालीस, तो आकडा नव्हे. मी ठीक आहे, वेळेवर जेवते. पत्राचं कारण एवढंच की दत्ताराममामा माझा फोन उचलत नाहीत, आणि तू उचललास की शेजारी बसून खोकतात. पत्र पेडण्याच्या बसच्या कंडक्टरकडे देत आहे. ते मामांना वाचून दाखवू नये.

घडलं ते क्रमाने सांगते, कारण तुमच्या पार्से गावात ते उलट्या क्रमाने पोचलं आहे. शाळा बंद होत्या. एका संस्थेने मला नववीच्या मुलांसाठी ऑनलाइन पाठ करायला सांगितले. मानवी शरीर आणि थोर व्यक्ती, दोन्ही एकत्र, म्हणजे एकेक अवयव आणि त्याचा छडा लावणारा माणूस. मी दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करते. शरीर मला माहीत आहे, माणसं तितकीशी नाहीत. पहिला पाठ, फुप्फुसांचा, मी स्वतः बोलले. एकही चूक नव्हती. तो चौदा वेळा पाहिला गेला (त्यांतल्या नऊ वेळा मीच). एका शिक्षिकेने विचारलं, हा आवाज कुठल्या यंत्राचा?

तेव्हा मला मामा आठवले. जत्रा बंद, दशावताराची कंपनी घरी बसलेली, मुकुट पेटाऱ्यात. मी चार पानी संहिता घेऊन तुमच्याकडे आले: सतराव्या शतकातला इंग्रज वैद्य, रक्त शरीरभर फिरून हृदयाकडे परत येतं हे त्याने दाखवून दिलं, वेळ तीन मिनिटं वीस सेकंद. ज्या माणसाला मालक पडद्यामागे आख्यान दोन वाक्यांत सांगतो आणि पुढचे तीन तास जो स्वतःच्या तोंडाने उभे करतो, ज्याने चाळीस वर्षांत लिहिलेला एक संवाद म्हटलेला नाही, त्याच्या हातात मी कागद दिले. (महत्त्वाचे शब्द ठळक केले होते.) मामांनी कागदांची घडी करून बाकाच्या डुगडुगत्या पायाखाली सारली आणि एकच विचारलं, "माजो वैरी कोण गो?"

मी म्हटलं, वैद्याला वैरी नसतो.

"वैरी नाय तर मी पडद्याभायर येव कित्याक?"

वैतागून मी सांगितलं, त्या काळी लोकांना वाटायचं की यकृत सतत नवं रक्त बनवतं आणि शरीर ते संपवून टाकतं. एवढं पुरलं. राक्षसाची कामं करणाऱ्या कृष्णनाथला मिशा लागल्या आणि तासाभरात तुमच्या अंगणात यकृतासुर गर्जू लागला. मामा (इंग्रज वैद्य, कानांत कुंडलं, हातात तलवार) बाकावर चढले. "अरे यकृता! हृदय घटकेला एवढं रक्त ढकलतं. तू सगळं नवं करतोस, तर जुनं जातं कुठे? तुझ्या बापाच्या तळ्यात?" हे सत्तावीस मिनिटं चाललं आणि सगळं चित्रित झालं. शेवटी यकृत शरण आलं आणि त्याला पित्त करण्याचं काम नेमून देण्यात आलं.

मी तेवीस मिनिटं कापली. उरलेल्या चारांत मामांच्या चेहऱ्याखाली पट्टी लावली: "सदर विधान तथ्यास धरून नाही." सात वेळा. त्यांतल्या एकदा तर ते नुसतेच हसत होते. काम नेटकं झालं असं मला वाटलं, हे नोंदवून ठेवते.

तो पाठ गावात या फोनवरून त्या फोनवर फिरला. पुढचं तू रोज बघतेसच. मामांनी चहा पाणचट म्हटला की दुकानातला विठ्ठल म्हणतो, "दत्ताराम, तां विधान तथ्याक धरून नाय हां!" देवळात तेच, भाताच्या गिरणीवर तेच. आता नाटकाला परवानगी मिळाली आहे, शनिवारी गावातच प्रयोग आहे, आणि मामा म्हणतात मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवा. अंगात ताप असताना ज्या माणसाने प्रयोग चुकवला नाही, त्याला माझ्या सात पट्ट्यांनी घरी बसवलं.

मी नंतर वाचन केलं. (आधी करायचं असतं.) त्या वैद्याने खरोखर हेच गणित मांडलं होतं: एवढं रक्त सतत नवं बनणं शक्य नाही, म्हणजे तेच फिरत असणार. माझ्या संहितेत ते नव्हतं. मी नुसतं उत्तर लिहिलं होतं. भांडण मामांनी शोधलं, आणि ते मी कापलं.

गुडघ्याला जप.

तुझी,
सेजल

ता. क. चित्रीकरण करणाऱ्या परेशने न कापलेली प्रत मुलांना गुपचूप पाठवली होती. चाचणीत एकतीसपैकी एकोणतीस मुलांनी रक्ताभिसरण बरोबर लिहिलं. एकाने यकृत धारातीर्थी पडल्याचं लिहिलं. एक गैरहजर होता.

ता. क. २. पट्ट्या काढल्या. सत्तावीस मिनिटं पूर्ण ठेवली. शेवटी एकच नवी पट्टी आहे: "या पाठातील आधीच्या पट्ट्या तथ्यास धरून नव्हत्या."

ता. क. ३. पत्र वाचून दाखवू नये असं वर लिहिलं आहे. ती चूक समजावी. मामा आत्ता दाराआड उभे असतील. पुढचा पाठ मूत्रपिंडाचा आहे आणि मामांशिवाय तो होणार नाही. वैरी मूतखडा. कृष्णनाथला आता प्रयोगांमुळे सवड नाही, म्हणून शनिवारी मामांनी मुकुट चढवला तर रविवारी अंगणात मूतखड्याचं काम मी करीन. संवाद लिहिलेले नाहीत. मला भीती वाटते. (हे वाक्य मोठ्याने वाचावं.)