दूधविनायकातला परदेशी आणि त्याची मोटार

वाराणसी,
१५ सप्टेंबर १९९९

ती. इंदूअक्का,

साष्टांग नमस्कार. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच कपाटावर टाकशील, म्हणून पत्ता ढुंढिराजकडून लिहून घेतला आहे. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच आणि रागवायचं ते एकदमच रागव.

मी काशीत आहे. तब्येत ठीक. नागपूरला शरद, सूनबाई, नातवंडं खुशाल असतील. इकडे ऊन अजून भाजून काढतंय. परवा गणपती बसले. शेजारच्या ढुंढिराजकडे जेवायला होतो. त्याची दाढी पार पांढरी झाली, पण यजमानांना दरडावून मंत्र म्हणायला लावण्याची पद्धत तीच आहे. त्याने पाच मोदकांचा आग्रह केला, मी नऊ खाल्ले.

तर बातमी अशी की मी मोटार घेतो आहे.

हसू नकोस, अख्खा मोहल्ला हसून झाला आहे. मोटार मैदागिनच्या चौकाअलीकडेच सोडावी लागते, पुढे नुसत्या गल्ल्या. तिथून बारा मिनिटं पायी, आणि गल्लीत सांड आडवा बसला असेल तर वीस. ढुंढिराज म्हणतो, "अरे निळू, हा कसला झमेला? घ्यायचीच तर नाव घे. दुर्गाघाटावर बांधून ठेव, पार्किंगची झंझटच नाही." पण मी पस्तीस वर्षं कॅनडात दूध आणायलासुद्धा मोटारीने गेलेला माणूस. इथे सायकलरिक्षात बसलो की पुढे माझ्याच वयाचा गृहस्थ धापा टाकताना दिसतो. मग चढ आला की मी उतरतो आणि मागून ढकलू लागतो. चौकातले लोक आता मला ओळखू लागले आहेत.

मोटार शिवपूरच्या काशीनाथजींची. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, गाडी जुनी पांढरी अँबॅसिडर. पाहायला गेलो तेव्हा कॅनडाच्या सवयीने ऐटीत डावं दार उघडून बसलो आणि स्टिअरिंग शोधत राहिलो. माणूस सभ्य. हळूच म्हणाले, "ड्राइवर साथ लाए हैं क्या?" असो, व्यवहार ठरला. नावावर करून घेणं तेवढं राहिलं होतं.

आणि तिथेच घोडं अडलं. मी पडलो कॅनडाचा नागरिक. परिवहन कार्यालयातल्या बाबूने माझा पासपोर्ट उलटासुलटा करून पाहिला.

"पैदा कहाँ हुए?"

"यहीं. दूधविनायक."

"पढ़े कहाँ?"

"यहीं."

"तो ए गुरु, बिदेसी कइसे हो गए?"

रांगेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "नौकरी में." एखाद्याने पाय कसा मोडला ते सांगावं तसं.

पुढे फॉर्म. त्यात एक रकाना, मायदेशातला कायमचा पत्ता. मी सवयीने दूधविनायकचा लिहिला. फॉर्म रद्द. दुसऱ्या फॉर्मवर पुन्हा तोच लिहिला, हात आपोआपच वळला. तिसऱ्या वेळी नेटाने कॅनडातला लिहायला घेतला, तर आठवलं की प्रेमला वारल्यावर संसारच संपला म्हणून ते घर मी विकून टाकलं. पेन तसंच हातात राहिलं. बाबू म्हणाला, "गाड़ी का तो पता है, चाचा. आप ही का नहीं है." बिचारा बरोबरच बोलत होता.

तो रकाना त्याने सोडून दिला, पण मी इथे कुठे राहतो त्याचा पुरावा त्याला पाहिजे. घरमालकाने लिहून द्यायचं की अमुक इसम माझ्या घरात, माझ्या संमतीने, अमुक तारखेपासून राहतो.

आता यात थोडी अडचण आहे. मी कुठे उतरलो ते लिहायचं मघाशी राहूनच गेलं. जागा छान आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, वारा भरपूर. मोरीतला नळ दिवसभर ठिबकतो. बाबांनी बसवलेला आहे ना, जुना झाला.

हो. आपल्याच घरात. म्हणजे तुझ्या घरात. आईने ते तुझ्या नावावर केलं आणि योग्यच केलं. एक किल्ली ढुंढिराजकडे असते, ती मी जूनमध्ये मागून घेतली. चार दिवसांसाठी आलो होतो. तुला कळवणार होतो, रोज उद्या कळवू म्हणत होतो. खरं सांगतो अक्का, तुझी भीती वाटली.

ढुंढिराजने दसऱ्याला मोटारीची पूजा ठरवूनही टाकली आहे. काशीनाथजींच्या गाडीवर आत्ताच कुंकवाचं स्वस्तिक काढून आला. गाडी अजून त्यांचीच, त्यामुळे ते जरा गोंधळले आहेत. तुझा दाखला आला तर काम होईल. नाही आला, तर मी या घरात कोण हे मला कळेल आणि मी किल्ली परत देईन.

तुझा
नीलकंठ


वाराणसी,
४ ऑक्टोबर १९९९

ती. अक्का,

नमस्कार. तुझं उत्तर नाही. बाबूने मला दोनदा चहा पाजला, पण कागदाशिवाय काही करता येणार नाही म्हणाला.

आज मोटारीसाठी लिहीत नाही.

काल सकाळी ढुंढिराज दर्भ-तीळ घेऊन आला आणि म्हणाला, "आज काकूंची तिथी. आंघोळ कर, बस." मला तिथी ठाऊक नव्हती. आईची तिथी शेजाऱ्याने सांगावी लागली. पाटावर बसलो तर गुडघा वळेना, एक पाय सरळ ताणूनच राहिला. ढुंढिराज म्हणाला, "पितरांकडे पाय नको करू, माझ्याकडे कर." हसायला आलं, आणि हसता हसता मला रडू फुटलं. त्याने मंत्र थांबवले नाहीत, नुसता आवाज वाढवला.

अठ्ठ्याहत्तर साली तू तार केली होतीस, आई अत्यवस्थ, लगेच निघ. मी तुला लिहिलं, रजा मिळाली नाही. अक्का, रजा मी मागितलीच नव्हती. तार सोमवारी मिळाली. गुरुवारी माझा नागरिकत्वाचा शपथविधी होता. ती तारीख हुकली असती तर सहा महिन्यांनी दुसरी मिळाली असती, एवढंच झालं असतं. मी हिशेब केला की गुरुवारी शपथ घेऊ आणि शुक्रवारी विमानात बसू. आई गुरुवारी गेली. मी तेव्हा नवा सूट घालून, उजवा हात वर करून, इंग्लंडच्या राणीशी इमान राखण्याची शपथ घेत होतो.

मग यायला तोंड राहिलं नाही. आधी एक वर्ष आलो नाही, पुढे तेच अंगवळणी पडलं.

दाखला दे किंवा देऊ नकोस. हे मात्र तुला माझ्याकडून कळायला हवं होतं.

अपराधी,
निळू


नागपूर,
१० ऑक्टोबर १९९९

चि. निळू,

आशीर्वाद. ते देणं न देणं माझ्या हातात नाही, थोरली आहे म्हणून आपोआप जातात.

तू किल्ली मागितलीस त्याच दिवशी ढुंढिराजने मला फोन केला होता. दुसऱ्याच्या घराचं कुलूप तो न विचारता उघडेल, असं तुला वाटलं तरी कसं? मी म्हटलं, दे, पण माझं नाव सांगू नकोस. बघू हा स्वतःहून किती दिवसांत लिहितो. तीन महिने लावलेस. आणि त्या पत्रातली दोन पानं मोटारीवर.

दुसरं पत्र वाचल्यावर दोन दिवस मी भांडी आपटत होते. शरदला वाटलं, रक्तदाब वाढला. राग आला मला. अजून आहे, आणि तो तुला समोर बसवून काढणार आहे.

त्या गुरुवारी आई सारखी दाराकडे बघत होती. मी सांगितलं, निळू निघालाय, विमानात आहे. तिला बरं वाटलं. संध्याकाळी ती गेली आणि मी तुझी वाट बघत बसले. आईला सांगितलेलं खरं व्हावं म्हणून तरी तू येशील, असं मला वाटत होतं. तू आला नाहीस. मरणाऱ्या माणसाशी मी खोटं बोलले, हे एकवीस वर्षं कोणालाच सांगितलं नाही. आज तुला सांगितलं.

नळाचा वायसर बदलून घे. गच्चीच्या दाराला आतून कडी लाव, नाहीतर माकडं शिरतात.

दाखला सोबत आहे. शरदने हिंदीत टाइप करून आणला, पण मजकूर माझा. "संमतीने" हा शब्द मी काढून टाकला. आपल्या घरात राहायला कोणाची संमती लागते? मजकूर असा:

"श्री. नीलकंठ हा माझा धाकटा भाऊ. तो दूधविनायक येथील आमच्या घरात जन्मापासून, म्हणजे १९३७ पासून राहतो. मध्यंतरी पस्तीस वर्षं बाहेर गेला होता."

तुझ्या बाबूला हे चालेल की नाही, मला माहीत नाही. पण यात खोटं काही नाही.

घरमालकीण आणि थोरली बहीण,
इंदू