शेप्याची कोय

२८ मे
सकाळी दादाचा फोन. काल पारशिवनीकडे वादळ, वावधन आलं, त्यात गावचा शेप्या आंबा पडला. मुळासकट, रस्त्यावर आडवा. खाली माणूस-जनावर कुणी नव्हतं. एस.टी. तेवढी अडली.

"पडला वं शालू," एवढंच म्हणाला. मागे करवतीचा आवाज.

विचारलं, आंबे होते का. "होते ना. पोट्टे येचून राहिले." म्हटलं कोया धू आणि आजच्या आज मातीत घाल. कोवळ्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून पाठव, कलम बांधू. कोयांना हो म्हणाला. फांद्यांचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याच्या लेखी कलमाचं झाड म्हणजे दत्तक.

३० मे
गावी जाऊन आले. कंडक्टर अजूनही "शेप्यावाले उतरा" असंच ओरडतो. उतरले तर समोर नुसतं ऊन. त्या जागी मी ऊन कधी पाहिलं नव्हतं.

फांद्या ठेकेदाराने नेल्या. खोड पडून आहे, आतून पोकळ, वाळवीने खाल्लेलं. वाऱ्याचं निमित्त झालं. हे दादाला सांगितलं नाही.

झाडाचं वय कुणाला ठाऊक नाही. आजोबांच्या लहानपणीही ते म्हातारंच होतं म्हणे. जंगल सत्याग्रहाला निघालेली माणसं त्याखाली जमली. पंचायत तिथेच बसे. आणि गावात येणारी प्रत्येक नवरी आधी तिथे उतरे. पान चुरगळून तिच्या नाकाशी धरायचं आणि विचारायचं, कशाचा वास? "शेपूचा" म्हणाली की ती गावची झाली. आईला हे झालं, वहिनीलाही. वहिनी तर म्हणाली होती, "शेपूची भाजी, मीठ कमी." वरात अर्धा तास हसत होती.

सरपंचबाई म्हणतात जागा मोकळी झालीच आहे तर प्रवासी निवारा बांधू. दादा म्हणाला, तिथे शेप्याच राहील. त्या म्हणाल्या, "शेप्याचं पिल्लू असन त लावा भाऊजी. कोणताबी आंबा आणून ठेवाल त नाही." पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत मुदत. बाईंचं काही चुकलं नाही. उन्हात उभ्या राहणाऱ्या बायका त्यांनाच बोलतात.

दादा रात्री जेवला नाही. बाप गेला तेव्हा जेवला होता.

३ जून
भाजी करपली. धूर दिसला तेव्हा कळलं. कोरोनापासून नाक गेलं ते गेलंच. कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की लोक स्वयंपाकघरात डोकावू लागतात. त्या वेळी दादाही इथे नंदनवनला माझ्याकडेच आजारी होता. आळीपाळीने खिचडी करायचो आणि एकमेकांना "छान झाली" म्हणायचो.

९ जून
दादाच्या निखिलचं साक्षगंध. भाच्याचं म्हणून दोन दिवस आधीच गेले. मुलगी यवतमाळची, नाव पूर्वा, मान वर करून बोलते. मला आवडली. लग्न डिसेंबरात.

कळमन्याच्या बाजारातून दशेरीच्या पेट्या आणल्या होत्या. घरभर रस. वहिनी आणि जावा कोया चोखून, पिळून टोपल्यात टाकत होत्या आणि टोपलं मागच्या उकिरड्यावर. शेप्याचे उरलेले पाडही त्याच रसात गेले. "दशेरीत वास बुडते त्याचा, पाव्हण्यायले कळत नाही," वहिनी.

जेवणं झाल्यावर दादा मला जनावरांच्या कोठ्यात घेऊन गेला. पत्र्याचा डबा उघडला. शेप्याच्या निवडक कोया. धुऊन, टिनावर कडक उन्हात वाळवून, राखेत घोळवून, वर कडुलिंबाचा पाला. सरकी ठेवतात तशा.

म्हटलं, अरे दादा, लगेच पेर म्हटलं होतं.

"मृग बरसल्याबिगर बियाणं मातीत टाकतात का? मले शेती शिकवून राहिली का तू?"

मी एक कोय फोडून दाखवली. आतली बी आक्रसून लाकूड झालेली. आंब्याची कोय ओली असते तोवरच जिवंत, हे मी बी.एस्सी.च्या मुलांना दरवर्षी सांगत असे. सख्ख्या भावाला सांगायचं राहिलं. तो डब्याकडे बघत म्हणाला, "एक फोडली. बाकीच्या चांगल्या असतीन." झाकण लावलं.

वहिनी दारातून ओरडली, "आत घूस मरून पडली दोन दिवसांपासून, अन् तुमी भाऊ-बहीण तिथंच काय उभे हाये!" आम्ही बाहेर आलो.

२ जुलै
पाऊस नीट झाला. दादाने कोया लावल्या. मी गेले नाही, फोनवर फक्त ऐकलं. शेणखत, वाफा, वर काटेरी कुंपण. थडगी नीट बांधली म्हणायची. हे वाईट लिहिलं गेलं. असू दे.

२१ जुलै
वाफ्यात काही नाही. दादाने उकरून पाहिलं. सगळ्या काळ्या, मऊ.

हे सांगायला फोन केला. मग म्हणाला, "तू सांगितलं होतं." त्यापेक्षा भांडला असता तर बरं वाटलं असतं. मला फार वाईट वाटलं.

२७ जुलै
वहिनीचा फोन, तोही स्वतः लावलेला, म्हणजे काहीतरी मोठं. उकिरड्यावर आंबे उगवलेत. साक्षगंधाच्या कोया! जपलेल्या मेल्या आणि फेकलेल्या जगल्या.

"पन बाई, दशेरीच असन वं. टोपलंभर दशेरी, अन् शेप्याचे किती, मूठभर." मग दादाला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात, "याईले नका सांगू मी असं म्हटलं म्हून."

४ ऑगस्ट
गावी. उकिरड्यावरची बरीच रोपं बकरीने उडवली होती. एक तेवढं धड. तांबूस पानं, टवटवीत. दादाने पान चुरगळलं, नाकाशी धरलं, डोळे मिटले.

"शेपू! बघ तू."

मी हुंगलं. पाण्याच्या ग्लासात नाक घातल्यासारखं. म्हटलं, लहान आहे अजून, वास मुरायचा आहे. शास्त्रीय वाटलं ते. मग खरं तेवढं सांगितलं: हे शेप्याचं निघालं तरी कोयीचं झाड आईवर जाईलच असं नाही. फळ वेगळं, वासही वेगळा निघू शकतो.

"पोरगं तरी कुठं बापावर जाते? म्हून काय घराबाहेर काढतो का?"



वहिनीला पान दिलं तर म्हणाली हात शेणाचे आहेत, आता नाही. पदराने नाक पुसत आत गेली.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन, मग ग्रामसभा. शाळेच्या व्हरांड्यात रोप कुंडीत ठेवलेलं, शेजारी निवाऱ्याचा नकाशा. एक पान तोडून सगळ्यांत फिरवलं. म्हाताऱ्या बायकांत दोन तट. एक म्हणाली शेपूच. दुसरी म्हणाली, "कोणत्याबी आंब्याच्या पानाले असाच येते." तिसरीने पान मळून मळून त्याचा चोथा केला. वहिनी मागे बसली होती, तिच्यापर्यंत पान पोचेस्तोवर चोथाच उरला होता.

सरपंचबाई म्हणाल्या, "भाऊजी त म्हनतीनच. शालूबाई, तुमी कॉलेजात शिकवलं. तुमी सांगा. तुमी म्हनसान त लावू."

नवं पान तोडून माझ्या हातात. सगळा गाव माझ्या नाकाकडे बघतोय. दादा बघत नव्हता. खाली, स्वतःच्या चपलेकडे. मी पुष्कळ वेळ हुंगलं. मग म्हटलं, "लावा."

वास आला असं म्हटलं नाही. पण टाळ्या वाजल्या. खड्डा दादाने सकाळीच खणून ठेवला होता.

संध्याकाळी बसची वाट बघत आम्ही दोघं स्टॉपवर. शेजारी ते रोप, भोवती वहिनीच्या जुन्या लुगड्याचा आडोसा.

"खरंच आला का वं वास तुले?"

"तुला आला होता ना?"

त्याने रोपाजवळचा एक खडा उचलून फेकला. मग म्हणाला, "मले त कोरोनापासून कशाचाच येत नाही. मी म्हटलं, तुले येईन."

मी म्हटलं, मलाही नाही रे. तेव्हापासूनच.

दादा माझ्याकडे बघत राहिला. "अन् ते खिचडी?" आणि हसायला लागला. मीही. बस आली तरी हसू थांबेना. कंडक्टर आतल्या कुणाला म्हणाला, "उतरा मावशी, शेप्या आला." आला म्हणे.

१६ ऑगस्ट
झोप नीट लागली नाही. म्हणजे आमच्या घरी नाक असलेलं माणूस एकच, वहिनी, आणि तिला कुणी नीट विचारलंच नाही. कदाचित म्हणूनच विचारलं नाही.

६ ऑक्टोबर
रोप जगलंय, नवी पालवी धरली. निवारा थोडा बाजूला सरकवून बांधताहेत, सरपंचबाईंनीच तोड काढली. दादा रोज कळशीभर पाणी घेऊन जातो. फोनवर रोपाची उंची सांगतो, वासाचा विषय काढत नाही. मीही नाही. आंबा लागेस्तोवर आम्ही असू की नसू. हे लिहिताना काही विशेष वाटलं नाही, नंतर वाटलं.

१० डिसेंबर
गावी. लग्न काल यवतमाळला झालं, आम्ही तयारीला पुढे आलो, उद्या सकाळी वरात घरी येते. वहिनीने आठवण दिली: नवरी आधी शेप्यापाशी उतरते. मी विसरले होते. दादा विसरला नव्हता. दिवसभर उगाच कुंपण हलवत होता.

वहिनी म्हणाली एकच पान तोडायचं, रोप लहान आहे. कोणतं, तेही हेरून ठेवलंय.

पूर्वाला आमचा शेप्या माहीत नाही. तिने तो कधी पाहिला नाही, पान हुंगलं नाही. सगळा गाव जमणार. ती जे म्हणेल ते म्हणेल, आणि मागे घेता येणार नाही.

रोपापाशीच दादाला गाठलं. म्हटलं, निखिलला फोन कर ना, पोरीला थोडं पढवून ठेवू दे. शेपू म्हण म्हणावं, बस.

दादा लुगड्याचा आडोसा थंडीसाठी रोपावर नीट ओढत होता. बराच वेळ ओढत राहिला.

"नाही," म्हणाला. "तिले नाक आहे."